एक, दोन, चार, एक, तीन, चार

मुलुंड चेकनाक्याच्या अलीकडे राहणारा आणि पलीकडे राहणारा, दोघेही 15 जानेवारी 2026 रोजी सकाळी मतदानाला बाहेर पडले. मुलुंडकराने एक बटण दाबले आणि तो घरी गेला. ठाणेकरापुढे मात्र चार याद्या होत्या : ‘अ’ पांढरी, ‘ब’ फिकट गुलाबी, ‘क’ फिकट पिवळी, ‘ड’ फिकट निळी. (काही प्रभागांत एखादी जागा बिनविरोध सुटली होती. तिथे बटण एकाने कमी झाले आणि त्याबरोबर ‘नोटा’सुद्धा गेला.) मुंबईला 1888चा स्वतःचा कायदा आहे, म्हणून तिथे 227 प्रभागांत 227 नगरसेवक. ठाण्याला 1949चा कायदा लागू, म्हणून 33 प्रभागांत 131 : बत्तीस प्रभागांत चार-चार आणि एका प्रभागात तीन.

हा चारचा आकडा आकाशातून पडलेला नाही. ठाण्यात 2007 साली प्रभागाला एक नगरसेवक होता. 2012 साली दोन झाले, 2017 साली चार. डिसेंबर 2019 मध्ये महाविकास आघाडीने सत्तेवर येताच कायदा बदलून पुन्हा एक केला. त्या कायद्याखाली ठाण्यात एकही मत पडले नाही, तोवर 2021 साली आघाडीतच वाद पेटला. काँग्रेसने प्रदेश पातळीवर दोनचा ठराव केला, मंत्रिमंडळाने ठरवले तीन. भाजीबाजारात होते तशी तडजोड! फरक इतकाच, की बाजारात निदान गिऱ्हाईक समोर उभे असते. मग ऑगस्ट 2022 मध्ये नव्या सरकारने हे सगळे पुसले आणि पुन्हा चार. मधल्या काळात ठाण्याच्या जागा 131 वरून 142 झाल्या, प्रभाग 47 झाले आणि तेही पुसले गेले.

गंमत पुढेच आहे. 2019 चा एक, 2021 चे तीन आणि 2022 चे चार, या तिन्ही वेळी राज्याचे नगरविकास खाते ज्यांच्याकडे होते ते एकनाथ शिंदे ठाण्याचेच. पहिल्या दोन वेळी ते त्या खात्याचे मंत्री होते, तिसऱ्या वेळी मुख्यमंत्री. तिन्ही निर्णय एकाच वेळी लोकहिताचे कसे असू शकतील, हा प्रश्न त्यांना विचारायला हरकत नाही. पण तो त्यांना एकट्याला विचारून भागणार नाही. दोनचे चार झाले तेव्हा भाजप आणि एकसंध शिवसेना सत्तेत एकत्र होते. एकाचे तीन झाले तेव्हा शिवसेना, राष्ट्रवादी आणि काँग्रेस एकत्र होते. सत्तेत असताना प्रत्येकाला आपले गणित लोकहित वाटते आणि विरोधात गेल्यावर तेच गणित लोकशाहीचा खून ठरते.

चारच्या बाजूने सांगण्यासारखे काहीच नाही असे नाही. एकाच्या प्रभागात एखादा दादा चाळी आणि इमारती बांधून घेतो आणि वर्षानुवर्षे हलत नाही. महिलांची निम्मी आणि अन्य आरक्षणे मोठ्या प्रभागात सहज बसतात आणि आरक्षण फिरले की अख्खा प्रभाग हातातून जात नाही. हे मुद्दे खरे आहेत. पण सरकारे बदलली तेव्हा आकडा बदलला तो या मुद्द्यांवरून नव्हे. मोठ्या प्रभागात पॅनेल चालते. पॅनेलला चिन्ह लागते आणि चार जणांचा खर्च पेलणारा पक्ष लागतो. गल्लीत दहा वर्षे काम केलेला अपक्ष पंचावन्न हजार लोकांच्या प्रभागात कुठे पुरणार? 2011 च्या जनगणनेनुसार ठाणे शहराची लोकसंख्या 18 लाख 41 हजार आहे. 33 प्रभागांत वाटली तर सरासरी साधारण तेवढीच येते. आणि गेल्या दीड दशकात घोडबंदर पट्ट्यात किती टॉवर उठले, हे तिथल्या कोलशेतकराला वेगळे सांगायला नको.

आता कोलशेतमध्ये उभे राहून पाहा. खाडीकाठी जुने गावठाण आहे. कधी काळी जिथे सँडोज आणि पुढे क्लॅरियंटचा कारखाना होता, त्या जमिनीवर आज उंच टॉवर आहेत. गावठाणाची तक्रार तुंबलेल्या गटाराची, टॉवरची तक्रार टँकरची. आधी एका नगरसेवकाला दोन्हीकडे जावे लागायचे आणि न गेल्यास शिव्या कुणाला घालायच्या हे सगळ्यांना ठाऊक असायचे. आता चार जण आहेत. गटाराचे काम ‘अ’ने ‘क’कडे ढकलायचे, ‘क’ने ‘ड’कडे बोट दाखवायचे आणि ‘ब’ ज्या पक्षाचा, त्याचे बाकीच्यांशी पटत नसेल तर निधीच अडकायचा. उद्घाटनाच्या फलकावर मात्र चारही फोटो.

आणि हे चार मिळायलाही किती वाट पाहावी लागली! ठाण्याच्या नगरसेवकांची मुदत मार्च 2022 मध्ये संपली. पावणेचार वर्षांहून अधिक काळ पालिकेचा कारभार प्रशासकाच्या सहीने चालला. शेजारच्या कल्याण-डोंबिवलीत मुदत संपली नोव्हेंबर 2020 मध्ये, म्हणजे तिथे एक अख्खी पंचवार्षिक नगरसेवकांविना गेली. महापालिकेची मुदत पाच वर्षांची आणि ती संपण्याआधी निवडणूक व्हावी, असे 74 व्या घटनादुरुस्तीने 1993 पासून सांगून ठेवले आहे. सुरुवातीला कोरोना होता, मग ओबीसी आरक्षणाचा खटला होता. कारणे खोटी नव्हती. पण त्याच काळात प्रभागांचे नकाशे पुन्हा पुन्हा काढले आणि फाडले गेले, हेही खोटे नाही. शेवटी 6 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांची मुदत दिली, ती पुढे 31 जानेवारी 2026 पर्यंत वाढवली आणि तेव्हा कुठे यंत्रे बाहेर निघाली.

एवढे भांडणारे पक्ष एकदा मात्र एका सुरात बोलले. 3 मार्च 2022 रोजी ओबीसी आरक्षणाचा अंतरिम अहवाल सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला आणि चारच दिवसांनी, 7 मार्चला, विधिमंडळात एक कायदा एकमताने मंजूर झाला. प्रभाग आखण्याचा अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडून काढून सरकारकडे घेणारा. हेतू निवडणूक लांबवून आरक्षण वाचवण्याचा होता आणि तो समजण्याजोगा होता. ती अडचण मे 2025 मध्ये न्यायालयानेच सोडवली, ओबीसींच्या जागा राखून निवडणुका झाल्या. पण वेळ भागवायला उचललेली प्रभाग आखण्याची लेखणी कुणी परत ठेवली नाही. एक की चार यावर गळे काढणाऱ्या एकाही मोठ्या पक्षाने तिच्यासाठी आंदोलन केले नाही, कारण उद्या ती आपल्या हाती येईल ही आशा प्रत्येकाला आहे. सत्ताधारी आणि विरोधक यांच्यात इतका पक्का समझोता दुसऱ्या कुठल्या विषयावर दिसत नाही.

ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीच्या नव्या सभागृहांत आता अडीचशेच्या वर नगरसेवक बसले आहेत. त्यांनी दोन ओळींचा ठराव करून राज्य सरकारकडे पाठवावा : प्रभाग आखण्याचे काम आयोगाला परत द्या आणि सदस्यसंख्या काय ती एकदा ठरवून निवडणुकीच्या तोंडावर तिला हात लावू नका. तसे होईपर्यंत कोलशेतकराने एवढे ध्यानात ठेवावे, की या खेपेच्या प्रभागरचनेचा आदेश जून 2025 मध्ये निघाला तो नगरविकास खात्यातून, आणि ते खाते तेव्हाही ठाण्याच्याच मंत्र्यांकडे होते.