कॅमेरा नंतर घे, आधी गुडघे टेक

फोटोग्राफीचं नवीन वेड लागलेल्या माणसाला पहिला प्रश्न पडतो तो कॅमेऱ्याचा. माझं मत असं की हा प्रश्न निदान पहिलं वर्षभर तरी पडूच नये. हे वाचून बरेच जण नाक मुरडतील, माहीत आहे. ज्यांचा हप्ता नुकताच सुरू झालाय ते तर नक्कीच. पण आमच्या नात्यातली बरीच मंडळी इथे डोकावतात, आणि गणपतीला जमलो की मोदक वाढता वाढता कोणीतरी "फुलांचे फोटो काढायला कोणता कॅमेरा लागतो रे?" असं विचारतंच. तेव्हा एकदाच काय ते सविस्तर लिहून टाकावं म्हटलं.

सध्याचं निमित्त माझा भाचा. नोकरी लागून सहा महिने झालेत. फुलांचे फोटो काढायचेत, म्हणून त्याने फुलफ्रेम मिररलेस कॅमेरा आणि १०० मिलिमीटरची मॅक्रो लेन्स पसंत करून ठेवली आहे. सगळं मिळून दोन लाखांच्या वर जातं. दोन वर्षांचा हप्ता. घराचं कर्ज अजून फिटायचंय, दाजी पुढच्या वर्षी निवृत्त होतायत, आणि ताईचं म्हणणं, "तुझ्या नादाने बिघडलाय, आता तूच समजाव." भाच्याचं म्हणणं, "मामा, तूच आईला समजाव." म्हणजे दोन्हीकडून वकील मीच!

भाच्याचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. साधन चांगलं असलं की हुरूप येतो, हातात घ्यावंसं वाटतं. पण मी उलटंही खूप पाहिलंय. दोन लाखांची वस्तू माणूस पावसात बाहेर काढत नाही. चिखलात टेकवत नाही. कोणाच्या हातात देत नाही. आणि आपल्या सह्याद्रीतली फुलं नेमकी पावसात नि चिखलातच येतात! हप्ता संपेपर्यंत कॅमेरा कपाटात, आणि फोटो मोबाईलवर, असे किती तरी जण माझ्या ओळखीचे आहेत.

मेगापिक्सेलचं भूत तर आधी उतरवायला हवं. निकॉनचा डी ४० नावाचा कॅमेरा २००६ साली आला, तो होता ६ मेगापिक्सेलचा. म्हणजे ३००८ बाय २००० ठिपके. इंचाला अडीचशे ठिपके धरून छापलं तर १२ बाय ८ इंचांचा फोटो निघतो, भिंतीवर लावण्याजोगा. आपल्यापैकी किती जण वर्षाकाठी एक तरी फोटो त्याहून मोठा छापून घेतात? बाकीचे सगळे स्क्रीनवर पाहायचे, आणि साध्या फुल एचडी स्क्रीनला जेमतेम २ मेगापिक्सेल पुरतात. तेव्हा २४ की ४५ हा वाद ज्यांना पोस्टर छापायचीत किंवा फोटोचा बारीकसा तुकडा कापून मोठा करायचाय त्यांनी घालावा.

बरं, मग फुलाला लागतं तरी काय?

उजेड. पहिला, दुसरा आणि तिसराही उजेडच. आणि लोकांना वाटतं तसा भरपूर नव्हे, मऊ. दुपारी बारा वाजता सोनकीवर कॅमेरा रोखला की पाकळ्यांचा नुसता पिवळाजर्द डाग उमटतो, शिरा नाही की पोत नाही. तीच सोनकी आभाळ भरून आल्यावर पाहा. ढग म्हणजे फुकट मिळालेली शंभर एकरांची छत्री. ढग नसतील तर फुलावर आपली सावली पाडा, नाहीतर पांढरी सुती ओढणी दोघांनी ताणून धरा, उन्हाची धार मोडते. सावलीची बाजू फारच काळी पडली तर त्या बाजूला एक पांढरा पुठ्ठा धरायचा, तो उजेड परत फेकतो. दुकानात याच गोष्टींना डिफ्यूजर आणि रिफ्लेक्टर म्हणतात आणि पिशवीत घालून विकतात.

दुसरी गोष्ट मागची बाजू. नवशिक्यांचे फुलांचे फोटो बिघडतात ते फुलामुळे नाही, फुलाच्या मागच्या नळामुळे, दोरीवरच्या टॉवेलमुळे, अर्ध्या दिसणाऱ्या स्कूटरमुळे. उभ्याने खाली वाकून फोटो काढला की मागे माती, पालापाचोळा असंच येणार. गुडघे टेकले, कॅमेरा फुलाच्या उंचीला आणला, की मागची झाडी दूर जाते आणि आपोआप धूसर होते. ("गुडघे टेकणे"चा आपल्याकडे दुसराही अर्थ आहे, फुलांपुढे तोही चालेल.) इतकं करूनही मागे काही खुपत असेल तर काळी छत्री उघडून फुलामागे दोन फुटांवर सावलीत धरा. आणि मग फुल अंधारातून उगवल्यासारखं दिसतं.

फक्त तेव्हा एक सांभाळायचं. कॅमेऱ्याचं मीटर समोरचं सगळं सरासरी करड्या उजेडाचं आहे असं धरून चालतं. काळ्या पार्श्वभूमीवर छोटं पांढरं फुल असलं की ते बिचारं अंधार समजून उजेड वाढवतं आणि फुल जळून पांढरंफटक होतं. अशा वेळी एक्स्पोजर उणे करायचं, एकाने, कधी दोनानेही. उलट फ्रेमभर पांढरीच शेवंती असेल तर ती कळकट करडी येते, तिथे अधिक करायचं. मोबाईलमध्येही हे जमतं, फुलावर बोट टेकवा आणि शेजारी दिसणारा सूर्य खालीवर सरकवा. ॲपर्चर, शटर आणि आयएसओ या त्रिकुटावर मी व्याख्यान देणार नाही. ते हजार ठिकाणी मिळतं आणि एका रविवारात कळतं.

पण ॲपर्चरचं एक सांगायलाच हवं, कारण भाच्याच्या मॅक्रो लेन्सचा प्रश्न तिथेच आहे. त्याची कल्पना अशी की मॅक्रो लेन्स लावली की जवळून सगळं लख्ख दिसतं. प्रत्यक्षात जितकं जवळ जावं तितकी स्पष्ट दिसणारी खोली कमी होत जाते. फुल जितकं आहे तितकंच सेन्सरवर उमटवायचं, म्हणजे १:१, तर फुलफ्रेम कॅमेऱ्यावर एफ ८ ला ती खोली जेमतेम एक मिलिमीटर उरते. एक मिलिमीटर! श्वास घेतला तरी फोकस हलतो. एफ १६ केलं तर खोली दुप्पट होते खरी, पण उजेड एक चतुर्थांश उरतो, शटर मंदावतं, आणि वारा तर सुटलेलाच असतो. झुळकीत डोलणाऱ्या फुलाला सेकंदाच्या अडीचशेव्या भागाहून मंद शटर बहुतेक वेळा चालत नाही. हे सगळं दोन लाख मोजूनही असंच राहणार. मोबाईलचा सेन्सर एवढासा असतो म्हणून त्याच चौकटीत त्याला उलट जास्त खोली मिळते. फुलांच्या बाबतीत हा त्याचा चक्क फायदा आहे. (काही स्वस्त फोनांवर "मॅक्रो" म्हणून २ मेगापिक्सेलचा वेगळा कॅमेरा दिलेला असतो, तो मात्र विसरा. मुख्य कॅमेऱ्याने थोडं लांबून काढून कापलेला फोटो त्याहून बरा येतो.)

म्हणून मी भाच्याला जास्वंद दिली. अंगणात आहेच. जास्वंदीचं फुल एका दिवसाचं पाहुणं, उद्या दुसरं, त्यामुळे "नंतर काढू" चालत नाही. मधला दांडा चांगला लांब पुढे आलेला, टोकाला पाच लाल बिंदू, त्याखाली पिवळे परागकोश. त्या पाच बिंदूंवर फोकस केला तर पाकळ्या धूसर, पाकळ्यांवर केला तर दांडा गेला. समोरून काढायचं की बाजूने, म्हणजे दांडा कॅमेऱ्याला समांतर येईल आणि सगळाच स्पष्ट होईल? शिवाय लाल रंग कॅमेऱ्यात चटकन फुटतो, तपशील जाऊन नुसता लाल रंग उरतो. एका फुलात एवढा अभ्यासक्रम भरलाय. सांगितलं, पंधरा दिवस एकच झाड, रोज वेगळा फोटो. पाच दिवस कंटाळला. सहाव्या दिवशी त्याने पाकळीच्या मागून येणारं सकाळचं ऊन धरलं, पाकळीच्या शिरा तळहातासारख्या दिसतायत. तो फोटो मला आवडला, अगदी मनापासून. तीन वर्षांपूर्वीच्या मोबाईलवरचा आहे.

साधनांचं वेड आजचं नाही, आणि साधनांवाचून अडत नाही हेही आजचं नाही. कार्ल ब्लॉसफेल्ट नावाचा जर्मन गृहस्थ बर्लिनमध्ये कलाशिक्षक होता. विद्यार्थ्यांना दाखवण्यासाठी त्याने घरी बनवलेल्या कॅमेऱ्यावर वर्षानुवर्षं झाडांचे कोंब, कळ्या, बोंडं यांचे फोटो काढले, साधी पार्श्वभूमी आणि मऊ उजेड. १९२८ साली, साठी उलटल्यावर, त्याचं पुस्तक आलं आणि तो गाजला. अमेरिकेत इमोजेन कनिंगहॅमने मॅग्नोलियाचं ते प्रसिद्ध फुल १९२५ च्या सुमारास टिपलं. पदरात तीन लहान मुलं, घर सोडून फार लांब जाता येईना, म्हणून तिने घरच्या बागेतली झाडं धरली. आमच्या ताईने ही दुसरी गोष्ट नीट वाचावी, कारण "मला कुठे जमतंय आता" हे तिचं लाडकं वाक्य आहे.

मग पैसे घालायचेच नाहीत का? घाला की. पक्षी काढायचे असतील, रात्रीचे कार्यक्रम किंवा लग्नं काढून पैसे मिळवायचे असतील, तर चांगल्या कॅमेऱ्याला पर्याय नाही, आणि त्यासाठी कर्ज काढलं तर मी जामीन राहीन. पण हौसेला फुलं असतील तर वापरलेला डीएसएलआर बघा. सगळे मिररलेसकडे पळाल्यामुळे ते स्वस्त झालेत. ओळखीतून घ्या, लेन्स उजेडासमोर धरून आतून पाहा, शटर किती हजार वेळा चाललंय ते विचारा. त्यावर ५० मिलिमीटरची साधी एफ १.८ लेन्स. मॅक्रोसाठी एक्स्टेंशन ट्यूब, म्हणजे आत काच नसलेली पोकळ कडी. ५० च्या लेन्समागे २५ मिलिमीटरची कडी लावली की फुल निम्म्याहून जास्त आकारात उमटतं, आणि १०० च्या मॅक्रोच्या किमतीचा लहानसा हिस्साही खर्च होत नाही. जमिनीलगत ट्रायपॉड लागतो, पण दुकानदार कॅमेऱ्याबरोबर "फुकट" देतात तो नको. तो वाऱ्यात फुलापेक्षा जास्त हलतो. त्यापेक्षा जुन्या पँटच्या पायाची पिशवी शिवून तिच्यात राजमा भरा. कॅमेरा तिच्यावर असा बसतो की बस्स.

आणि पावसाळ्यात, कॅमेरा साधा असो की भारी, हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा. दुकानातून मिळालेल्या फोमच्या बॅगेत चार महिने ठेवलेल्या लेन्सवर बुरशी धरते, कोळ्याच्या जाळ्यासारखी, आणि उशीर झाला तर ती काचेवरचा थरच खाते. जेलचे दाणे रंग बदलले की तव्यावर मंद आचेवर परतून पुन्हा वापरता येतात. (भाकरीचा तवा नको, ताई ओरडेल.)

आता ज्यासाठी खरं म्हणजे एवढं लिहायला बसलो ते. आमचं गाव साताऱ्याजवळ, त्यामुळे कासचं पठार आम्हाला घरचंच. २०१२ साली पश्चिम घाटातल्या ३९ ठिकाणांमध्ये कासही जागतिक वारसा यादीत गेलं, आणि गर्दी वाढली. जांभ्या खडकावर मातीचा पातळसा थर, त्यात ही फुलं येतात. त्या थरावर आपण पाय दिला की एक झाड मोडतं एवढंच होत नाही. माती दबते आणि पुढच्या वर्षीचं बीही त्यातच. मी पाहिलंय, चांगल्या महागड्या कॅमेऱ्याचे मालक गालिच्यात पोटावर आडवे होतात. एका जांभळ्या फुलाच्या फोटोपायी अंगाखाली दोनशे चिरडलेली. कोणी आजूबाजूची "नको असलेली" रोपं उपटून पार्श्वभूमी साफ करतं, कोणी फुल तोडून सोयीच्या दगडावर ठेवतं, कोणी फुलपाखरू गारठवून फुलावर बसवतं. खरं सांगायचं तर मला त्यांचे फोटो पाहावत नाहीत, कितीही सुंदर असले तरी. पिचकारीने खोटं दव उडवणाऱ्यांवर मात्र माझा राग नाही, ती नुसती हौस आहे.

भाच्याला नेणार आहे या वर्षी. वाटेवरूनच काढायचे, वाट सोडायची नाही, एवढी एकच अट. वाटेच्या कडेला वाकलं तरी सीतेची आसवं हाताच्या अंतरावर असतात. बोटाच्या पेराएवढं निळं-जांभळं फुल, आणि मुळाशी बारीक किडे धरणाऱ्या पिशव्या. चिकट थेंब मिरवणारा दवबिंदू दिसला तर नशीब. गालिचा काढायला लांबूनच काढावा लागतो, मोबाईलचा टेलिफोटो त्याला पुरतो. आधी ऑनलाईन बुकिंग करून, सप्टेंबरात आठवड्याच्या मधल्या वारी, सकाळी लवकर निघायचं. शनिवार-रविवारी त्या वाटेवर उभं राहायलासुद्धा जागा नसते.