गाठ आणि गप्प बसणं

छातीत गाठ हाताला लागली तर बाई कोणाला सांगते? निमोणे परिसरातल्या बचत गटांबरोबर काम करताना मला दिसतं ते असं : आधी कोणालाच नाही. दुखत तर नाही, मग कांद्याची लागवड होऊ दे, पोरीचं लग्न उरकू दे. पण सुरुवातीची गाठ बहुतेक वेळा दुखत नाहीच.

ही गाठ कशाने होते, याचा शोध १९१७ साली पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी आयुष्यभर घेतला. १९४९ मध्ये पीएच.डी. मिळवून त्या अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात गेल्या आणि परत आल्या. मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी शरीराबाहेर पेशी वाढवण्याची प्रयोगशाळा उभारली. स्तनाच्या कर्करोगाचा आनुवंशिकतेशी व संप्रेरकांशी असलेला संबंध त्यांनी उंदरांवर तपासला. संप्रेरक म्हणजे शरीराने पेशीला धाडलेला निरोप. काही गाठी इस्ट्रोजेनच्या निरोपावरच वाढतात. पुढे जगभर झालेल्या संशोधनातून तो निरोप अडवणारी टॅमॉक्सिफेनची गोळीही आली. म्हणजे हा रोग पूर्वजन्मीचं पाप नाही, की कोणाची करणी नाही.

रणदिवे प्रयोगशाळेतच थांबल्या नाहीत. १९७३ मध्ये भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन करण्यात त्यांचा पुढाकार होता. आपल्या शेजारच्या अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात, अकोले तालुक्यात, त्यांनी आदिवासी मुलांच्या पोषणाचा अभ्यास केला.

काही कार्यकर्त्या म्हणतात, कर्करोग हे डॉक्टरांचं काम, चळवळीचं नाही. मला हे पटत नाही. स्वतःच्या छातीला हात लावून पाहण्याची लाज आपल्याला कोणी शिकवली? घरातला पैसा बाईच्या औषधाला शेवटी का निघतो? हे प्रश्न कोणता डॉक्टर सोडवणार?

तिशी ओलांडलेल्या बाईची दर पाच वर्षांनी स्तनतपासणी व्हावी, असं सरकारचं २०१६ पासूनचं धोरण आहे. मैत्रिणींनो, रेशन मागतो तशी ही तपासणी मागू या. ती स्त्री-कर्मचाऱ्याने, आडोशाला करावी. तिची नोंद बाईच्या हाती द्यावी. आणि शंका आली तर पुण्याला जायचं भाडं नि बुडालेली मजुरी कोण देणार, हे ग्रामसभेत उभं राहून विचारू या.