खाडा

गौरी-गणपती आटोपल्यावर या अंकाची मुद्रितं बरोबर घेऊन चार दिवस आरे-वारेला जाऊन राहिले. रत्नागिरीहून गणपतीपुळ्याला जाणारा किनाऱ्याचा रस्ता इथे डोंगराच्या कडेने चढतो आणि एका वळणावर दोन्ही पुळणी एकदम समोर येतात. गाड्या तिथे थांबतातच. मी उतरले होते त्या होमस्टेत स्वयंपाकाला एक बाई येत. तिसऱ्या दिवशी सकाळी त्या घावणे घालत होत्या, डाव्या हाताने. पीठ तव्यावर सोडताना वाटी थरथरत होती. उजवं मनगट सुजलेलं. "न्हाणीत घसरले," त्या म्हणाल्या. मी काही विचारलंच नव्हतं.

दुपारी भांडी घासून झाल्यावर त्यांनी मोबाइलच्या कव्हरमागून चौपदरी घडीची चिठ्ठी काढली. "ताई, ही तारीख मंगळवारचीच ना?" वाचता येत होतं त्यांना, पण खात्री करून घ्यायची होती. रत्नागिरीच्या कोर्टाची तारीख होती. "मागच्या तारखेला आईला ताप आला म्हणून सांगितलं. त्याच्या आधी मीच आजारी पडले. आता काय सांगू? खाडा पडला की रोज गेला. आणि पुढे दिवाळी. दिवाळीत तर सुट्टी मागायचीच नाही."

आपल्यापैकी अनेकांची दिवाळीची सुट्टी अशाच किनाऱ्यांवर जाते, आणि तिथे राबणाऱ्या बाईला नेमकी त्याच दिवसांत रजा मागता येत नाही. एस.टी.चं तिकीट मार्च २०२३पासून बायकांना अर्धं झालं, फार चांगलं झालं. पण कोर्टात जाऊन यायचं तर खाडा मात्र पुराच पडतो.

कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा आपला कायदा २००५चा, लागू झाला २६ ऑक्टोबर २००६ला. कायदा म्हणून तो विचारी आहे. पहिली सुनावणी साधारणपणे तीन दिवसांत व्हावी आणि अर्ज साठ दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा, असं त्यात लिहिलं आहे. नवऱ्याने तिच्या कामाच्या ठिकाणी पाऊल टाकू नये, असा मनाई हुकूम न्यायालय देऊ शकतं. तिची बुडालेली मिळकत भरून द्यायला त्याला सांगू शकतं. म्हणजे मारझोडीने बाईची कमाई बुडते, हे कायद्याला वीस वर्षांपूर्वीच कळलं होतं. फक्त ती बुडू नये म्हणून मालकाने काय करायचं, त्याबद्दल एक ओळ नाही.

आणि जावं लागतं किती ठिकाणी! पोलीस ठाणं, संरक्षण अधिकारी, सिव्हिल हॉस्पिटलचा दाखला, वकील, स्वतःच्या नावाचं बँक खातं, मुलांच्या शाळेचा दाखला, भाड्याची खोली. यातली बहुतेक कामं रविवारी होत नाहीत. एकेका कामाला एकेक दिवस धरला तरी आठवडा जातो, आणि तारखा अजून पडायच्याच असतात. राज्याच्या दुकाने व आस्थापना कायद्याने वर्षाला आठ दिवस नैमित्तिक रजा आहे, तीही तिमाहीला दोन-दोन अशी जमा होणारी, आणि कायद्याने ठरवलेल्या संख्येइतकी माणसं कामावर असतील तिथेच. तीन माणसांच्या होमस्टेला तेवढंही लागू नाही.

फिलिपिन्सने २००४ साली स्त्रियांवरील हिंसाचाराच्या कायद्यातच दहा दिवसांची भरपगारी रजा घातली. न्यूझीलंडने २०१८ साली कायदा केला, पुढच्या एप्रिलपासून दहा दिवस लागू झाले. ऑस्ट्रेलियाने २०२३पासून तेवढेच दिले, आणि तिथली एक तरतूद मला फार मोलाची वाटते: पगाराच्या चिठ्ठीवर या रजेचं नाव छापायचं नाही. कारण ती चिठ्ठी घरी नवरा पाहतो. हा नियम करताना कुणीतरी तिच्या घरात डोकावून पाहिलं असणार. फिलिपिन्समध्ये गावप्रमुखाचा दाखलाही चालतो. आपल्याकडे ते नको. सरपंच बहुधा भावकीतला निघतो. संरक्षण अधिकाऱ्याची किंवा डॉक्टरची चिठ्ठी पुरेशी मानावी.

आपल्या कायद्याला अशी रजा परकी नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्यात, चौकशी चालू असताना समितीच्या शिफारशीने तक्रारदार स्त्रीला तीन महिन्यांपर्यंत रजा मिळते, तिच्या हक्काच्या रजेव्यतिरिक्त. कचेरीत छळ झाला तर तीन महिने, घरात झाला तर खोटा ताप?

गैरफायदा घेतील, असं म्हणणारे भेटतातच. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, हिंसा सोसलेल्या शंभर बायकांपैकी जेमतेम चौदा जणींनी कुणाकडे तरी मदत मागितली होती. जिथे बाई आईलाही सांगत नाही, तिथे दहा दिवसांच्या पगारासाठी मालकाला खोटं सांगेल, हे मला पटत नाही.

छोट्या मालकाला हा भार झेपेल का, ही शंका मात्र खरी आहे. त्याचं उत्तर महाराष्ट्राने एकदा दिलेलं आहे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी उभी करताना राज्याने १९७५ साली व्यवसाय कर लावला, शहरातल्या पगारदाराने गावातल्या मजुराच्या कामाचे पैसे द्यावेत म्हणून. हमीचा कायदा १९७७ साली झाला आणि देशाने तो पुढे २००५ साली उचलला. पगारातून आजही कापली जाणारी ती रक्कम त्या विचारातून आलेली आहे. लहान आस्थापनांतल्या बायकांचे हे दहा रोज त्याच वाटेने भरून देता येतील. मोठ्यांनी, म्हणजे बँका, पतसंस्था, साखर कारखाने, जिल्हा परिषदा यांनी, कायद्याची वाट पाहण्याचं कारण नाही.

आमच्या कचेरीत पाच माणसं आहेत. या पाडव्यापासून दहा दिवसांची ही रजा आम्ही सुरू केली आहे आणि अर्जातला कारणाचा रकाना काढून टाकला आहे.

मंगळवारी त्या बाई रत्नागिरीला जाऊन आल्या. कारण सांगितलं, नात्यात बारसं आहे. पुढची तारीख पडली आहे भाऊबीजेनंतरची. वाचकहो, तुमच्याकडे कुणी हजेरीवर असेल, तर दिवाळीचा बोनस देताना एवढं आपणहून सांगून ठेवा: कोर्टात, पोलिसांत, दवाखान्यात जायचं असेल तर जा, खाडा धरणार नाही.