गावचे ग्रंथालय आणि शेतकरी

माझी हयात महसूल खात्याच्या कारकुनीत गेली. फेरफाराची नोटीस चावडीवर लागे. हरकतीस मुदत १५ दिवसांची. कित्येक शेतकरी बंधू ती टळल्यावर कचेरीत येत व ‘नोटीस वाचून कोण दाखविणार?’ असे विचारीत. मुदत आजही तीच आहे.

१९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमान्वये मान्य ग्रंथालयांस ‘अ’ ते ‘ड’ वर्गानुसार सरकारी अनुदान मिळते. आपल्या वर्धा जिल्ह्यातही अशी ग्रंथालये आहेत. परंतु शेतकरी कपाशीतून दिवेलागणीस परततो, तेव्हा पुष्कळदा दारास कुलूप असते.

बडोद्यास सयाजीराव महाराजांनी १९१० साली ग्रंथालय खाते उभारून पुढे पेट्यांतून पुस्तके खेडोपाडी धाडली. आपणांस इतकेही करावयाचे नाही. आठवड्यातून एक सायंकाळ ग्रंथालयात नोटिसा, सातबारा आणि अकोल्याच्या कृषी विद्यापीठाच्या शिफारशी मोठ्याने वाचल्या जाव्यात.

‘हे ग्रंथालयाचे काम नव्हे,’ असे कोणी म्हणतील. परंतु ज्या कागदावर जमीन राहते वा जाते, त्याहून अगत्याचे वाचन ते कोणते? सभासदांनी हा विषय आपापल्या ग्रंथालयाच्या सभेत अवश्य मांडावा, ही विनंती.