आधी मोजणी, मग डांबर
शहापूर-मुरबाड-म्हसा-कर्जत-खोपोली रस्त्याला राष्ट्रीय महामार्ग ५४८-अ हा क्रमांक मिळाला, रुंदीकरणही सुरू झाले. पण जमिनीच्या मोबदल्यावरून शेतकऱ्यांनी कामच अडवले. रस्ता रुंद हवा, यात वाद नाही. म्हशाच्या यात्रेच्या दिवसांत तिथे अडकलेल्याला ते पटवून द्यावे लागत नाही. वाद आहे तो जुना रस्ता कधी रीतसर संपादित झाला होता का, यावर. मोजणी न करता यंत्रे उतरवली, की खाचराचा बांध जातो आणि सातबाऱ्यावर मात्र शेतकऱ्याचेच नाव राहते!

रस्त्यांसाठी तोडायच्या झाडांचा हिशेब तर आणखी विचित्र. अंबरनाथ-बदलापूरच्या नगरपालिका हद्दीत १९७५चा वृक्ष संरक्षण कायदा लागू आहे. २०२१च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरील झाडाला वारसा वृक्षाचा दर्जाही दिला. हद्द ओलांडून बारवी धरणाकडे किंवा म्हशाकडे निघाले, की उरतो १९६४चा वृक्षतोड अधिनियम. त्याच्या अनुसूचीत आंबा, चिंच, जांभूळ, मोह आहेत. रस्त्यावर सर्वात मोठी सावली धरणारा वड नाही. म्हणजे शहरातला वड वारसा आणि गावातला अडथळा.

उन्हाळ्या-पावसाळ्यात याच वाटांनी सहलीला जाणारे शहरवासी या सावलीचे लाभार्थी आहेत, पण ग्रामसभेत त्यांचा आवाज नाही. म्हणून हे काम करणाऱ्या राज्य रस्ते विकास महामंडळाने संयुक्त मोजणीचे नकाशे आणि तोडायच्या झाडांची यादी प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी. पुढचा टप्पा त्यानंतरच.