आधी बाळाची वाटी, मग मीठ

उष्टावण झालं, मामाने खीर चाटवली, फोटो निघाले. दुसऱ्या दिवसापासून घरातल्या बाईपुढे खरा प्रश्न उभा राहतो: बाळासाठी रोज काय करायचं? मग वेगळं भांडं, वेगळं सत्त्व, मिक्सरची वेगळी घरघर. महिन्याभरात ती दमून जाते. माझं ठाम मत आहे की, मराठी स्वयंपाकघरात या वेगळ्या चुलीची गरजच नाही.

आपल्या स्वयंपाकाचा क्रमच मुळात सोयीचा आहे. कुकरमध्ये डाळ शिजते तेव्हा तिच्यात फार तर हळद-हिंग असतं. मीठ, तिखट, फोडणी हे सगळं नंतरचं. त्याआधी बाळाचा वाटा बाजूला काढायचा, की झालं. पहिला वाढदिवस होईपर्यंत वरून मीठ नको, साखर-गूळ नको. मध तर चाटवायलासुद्धा नको. त्यातून तान्ह्या बाळाला बोट्युलिझमसारखा गंभीर आजार होऊ शकतो.

माझं भांडण आहे ते वरणाच्या पाण्याशी. ‘पचायला हलकं’ म्हणून वरची निवळ पाजतात आणि डाळ मोठ्यांच्या ताटात जाते. बाळाचं पोट ते केवढं! ते पाण्याने भरलं तर अन्नाला जागा कुठे उरणार? जन्मताना मिळालेला लोहाचा साठा सहाव्या महिन्याच्या सुमारास संपत येतो आणि आईच्या दुधातून लोह फार थोडं मिळतं. दूध दोन वर्षं आणि पुढेही चालू राहू द्यावं, पण त्याच्या जोडीला खालचं घट्ट वरणच हवं. ते छान घोटावं, त्यात मऊ भात कुस्करावा, वर साजूक तूप घालावं. चमचा तिरका केला तरी ओघळू नये, इतकं दाट. लिंबाचे दोन थेंब पिळले तर डाळीतलं लोह अंगी लागायला मदत होते.

भाजीचंही तेच. लाल भोपळ्याच्या, दुधीच्या चार फोडी फोडणीला टाकण्याऐवजी कुकरमध्ये वरच्या डब्यात ठेवाव्यात. हिरड्यांनी चिरडता येईल अशी बोटाएवढी मऊ फोड बाळाच्या हातात द्यावी आणि शेजारी बसावं. आठव्या-नवव्या महिन्यातही सगळं गुळगुळीत वाटून देत राहिलं, तर चावायला शिकणार कधी?

दाण्याच्या कुटाला मात्र उगाच घाबरतात. लंडनमधल्या ‘लीप’ या अभ्यासाचे निष्कर्ष 2015 साली आले. ॲलर्जीचा धोका जास्त असलेल्या बाळांना लहानपणापासून शेंगदाणा खाऊ घातला, तर पुढे त्याची ॲलर्जी खूपच कमी मुलांना झाली, असं त्यात दिसलं. आपल्याकडे कूट घराघरात असतो. बारीक करून चिमूटभर वरणात कालवावा. बाळाला तीव्र इसब असेल किंवा अंड्याची ॲलर्जी असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावं. अख्खा दाणा मात्र पाच वर्षांपर्यंत नाही. तो श्वासनलिकेत अडकतो.

आणि बाळाला जेवायला सगळ्यांबरोबर बसवावं, त्यासाठी रात्रीचं जेवण तासभर अलीकडे आणावं लागलं तरी. आजोबा घास कसा करतात, ताई पोळी कशी तोडते, हे बघतच ते शिकतं. फक्त त्याची वाटी काढायचं काम एकट्या आईच्या गळ्यात नको. कुकर जो उघडेल, त्याने मिठाला हात लावण्याआधी ती काढावी.