पोथी माजघराबाहेर येते तेव्हां

मागील महिन्यांत एका वाचक भगिनीचें पत्र आलें. त्यांच्या घरीं सकाळीं मोबाईलवर विष्णुसहस्रनाम लागतें. सासूबाई पूजेंत, मुलें शाळेच्या गडबडींत आणि त्या स्वतः डब्यांच्या घाईंत असतात. हजार नांवें संपतात आणि कोणीं एकहि ऐकलेलें नसतें. या जुन्या ग्रंथांत सामर्थ्य आहे असें आपण म्हणतों, तें आतां कोठें दिसतें, असें त्यांनीं विचारलें आहे.

प्रश्न प्रांजळ आहे, म्हणून उत्तरहि प्रांजळपणेंच द्यावयास हवें. परिचित नादानें घराची सकाळ प्रसन्न होते, हें मी कमी लेखीत नाहीं. परंतु सामर्थ्य म्हणाल, तर तें मीं आमच्याच घरांत एकदां पाहिलें आहे.

आमचा वाडा सोलापुरांत. मी दहा-अकरा वर्षांचा असेन. म्हणजे गोष्ट साठ वर्षांहून जुनी आहे. त्या काळीं शहराचा दिवस गिरण्यांच्या भोंग्यांवर चालत असे. चातुर्मासांत दुपारीं माजघरांत ज्ञानेश्वरीचें वाचन होई. आजीची दृष्टि मंद झाल्यामुळें तें काम माझ्याकडे आलें होतें. मला अर्थ फारसा कळत नसे, आजीला कळे. धुणेंभांडीं करण्यास येणाऱ्या बाईंना आम्ही मुलें मावशी म्हणत असूं. हातांतलें काम उरकलें म्हणजे त्या परसदाराच्या पायरीवर बसून ऐकत. त्या कधीं आंत आल्या नाहींत आणि त्यांना कोणीं आंत बोलावलेंहि नाहीं. पाऊस आला म्हणजे डोक्यावर पदर ओढून त्या तेथेंच बसत.

त्या दिवशीं नववा अध्याय चालूं होता. ओढ्यानाल्यांना निरनिराळीं नांवें असतात तीं गंगेस मिळेपर्यंतच. मिळाल्यावर सारी गंगाच, अशा अर्थाच्या ओव्या मी वाचीत होतों. बाहेर पाऊस पडत होता. आजीनें हात वर करून मला थांबविलें. बराच वेळ ती कांहीं बोलली नाहीं. मग म्हणाली, "आजचें पुरे. पोथी बांधून ठेव." माझ्या उच्चारांत चूक झाली असावी असें मला वाटलें. दुसऱ्या दिवशीं पाहतों तों चौरंग माजघरांतून पुढच्या ओसरीवर आलेला आणि समोर लांब चटई अंथरलेली. थोरल्या काकांनीं विचारलें, "आई, पोथी ओसरीवर कां? येणारेजाणारे सारे तेथूनच जातात." आजी म्हणाली, "म्हणूनच." त्या दिवसापासून मावशी चटईवर बसूं लागल्या. पुढें शेजारच्या विणकर कुटुंबांतील दोघी सासूसुनाहि येऊं लागल्या.

ग्रंथाचें सामर्थ्य म्हणतात तें हेंच, असें मला पुढें वाटूं लागलें. त्या पोथीनें आजीची दृष्टि परत आली नाहीं कीं काकांना बढती मिळाली नाहीं. एक चौरंग दहा पावलें हलला, इतकेंच. पण तीं दहा पावलें चालण्यास आमच्या घराला किती पिढ्या लागल्या होत्या!

याच अंतराची मोठी कथा आमच्याच जिल्ह्यांत, पंढरपुरास घडली आहे. विठ्ठलमंदिराच्या महाद्वारासमोर चोखोबांची समाधि आहे. मंगळवेढ्यास गांवकुसाचें काम करतांना कुसूं कोसळून त्यांना मृत्यु आला आणि नामदेवांनीं त्यांच्या अस्थि पंढरीस आणल्या, असें परंपरा सांगते. चोखोबांचे अभंग सर्वांनीं गाइले. त्यांच्या जातीचे लोक मात्र शतकानुशतकें त्या समाधीपाशींच थांबविले गेले. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्यें, म्हणजे इ. स. १२९० सालीं, नेवाशास सांगितली गेली. १५८४ सालीं एकनाथांनीं तिची प्रत शुद्ध केली. वारकऱ्यांनीं ती मुखोद्गत केली. नववा अध्याय साडेसहाशें वर्षें वाचला जात होता आणि दार बंदच होतें. पोथीच्या सामर्थ्याचा गौरव करतांना ही गोष्ट आपण वगळतां कामा नये.

१९३२ सालीं धुळ्याच्या तुरुंगांत विनोबांनीं गीतेवर प्रवचनें दिलीं. २१ फेब्रुवारी ते १९ जून, दर रविवारीं एक अध्याय, असे अठरा रविवार तीं चाललीं. 'गीता प्रवचनें' आज आपल्या हातीं आहेत तीं तेथेंच बंदिवासांत असलेल्या साने गुरुजींनीं तीं उतरून घेतल्यामुळें. नवव्या अध्यायाचा रविवार १७ एप्रिल हा होता. पंधरा वर्षांनीं हेच साने गुरुजी विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानलेल्या बांधवांना खुलें व्हावें म्हणून महाराष्ट्रभर फिरले, आणि १ मे १९४७ रोजीं पंढरपुरास तनपुरे महाराजांच्या मठांत उपोषणास बसले. दार उघडण्याचें मान्य झाल्यावर १० मे रोजीं तें उपोषण सुटलें. दार उघडलें हा कोणावर उपकार नव्हता. तें ऋण होतें, आणि फार उशिरां फेडलेलें.

एका अध्यायानेंच गुरुजींना तेथें नेलें, असें मी म्हणत नाहीं. मनुष्याचें मन इतकें सरळ नसतें. परंतु जो मनुष्य अठरा रविवार एकेक वाक्य मन लावून कागदावर उतरवितो, त्याच्या आंतहि तें थोडें तरी उतरत असलें पाहिजे. कानावरून जाणाऱ्या हजार नांवांत आणि मनांत उतरलेल्या एका ओवींत भेद आहे तो हाच.

आतां आमच्या घराची उरलेली गोष्ट सांगतों, नाहीं तर मागील भाग ही बढाई ठरेल. मावशी ओसरीवर आल्या, पण त्यांची चहाची कपबशी परसदारच्या कोनाड्यांतच राहिली. आजी होती तोंपर्यंत ती तेथून हलली नाहीं. आजीला तें जाणवत नव्हतें असें नाहीं. एकदां त्या कोनाड्याकडे तोंड करून ती मला म्हणाली, "माझा अजून नववाच अध्याय चालला आहे, बाळा." तिच्या वर्षश्राद्धानंतर माझ्या आईनें ती कपबशी उचलली आणि घरांतल्या इतर कपबश्यांत मिसळली. कोणीं कांहीं बोललें नाहीं. मावशी त्या दिवशीं चहा न घेतांच गेल्या. दुसऱ्या दिवशीं त्यांनीं घेतला.

तेव्हां ताई, सकाळचें सहस्रनाम बंद करूं नका. त्याच्या जोडीला रात्रीं जेवणें झाल्यावर पाव तास पोथी उघडा. ज्ञानेश्वरीच्या सुमारें नऊ हजार ओव्या आहेत. रोज पंचवीस घेतल्या तर वर्षभरांत ग्रंथ पुरा होतो. एकानें वाचावें, दुसऱ्यानें अर्थ सांगावा. अर्थ सांगण्याचें काम कधीं नातवंडांकडे द्यावें. त्यांच्या प्रश्नांनीं वडिलधाऱ्यांना पुन्हां विचार करावा लागतो. परगांवीं असलेलीं मुलें त्याच मोबाईलवरून ऐकूं शकतील. दिवसा वाचन असेल आणि घरीं कामास बाई येत असतील, तर त्यांनाहि बसावयास सांगावें. मात्र बसण्याचा वेळ त्यांच्या कामाच्याच वेळांत धरावा.

वाचन संपल्यावर एकच प्रश्न सर्वांनीं मिळून विचारावा: आज वाचलें, त्यांतील कोणती गोष्ट आपल्याच घरांत खोटी ठरत आहे? उत्तर सांपडलें तर दुसऱ्या दिवशीं पुढील ओव्या घेऊं नयेत. तो दिवस ती एक गोष्ट सुधारण्यासाठीं ठेवावा. ग्रंथ पुरा होण्यास एका वर्षाचीं तीन वर्षें लागलीं तरी चालतील.